आधी हवा, मग वीज, शेवटी गॅस

मार्च अर्धा सरला की कार एसीच्या दुकानांपुढे गाड्या लागायला लागतात. विदर्भात पारा चाळिशीला टेकलेला असतो, मुंबई-कोकणात सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटतो, आणि एरवी विनातक्रार चालणारी दहा-पंधरा वर्षांची वॅगन-आर, सँट्रो किंवा इंडिका भर उन्हात गरम हवा फेकू लागते. मालक दुकानात शिरतो तो निदान ठरवूनच: "गॅस संपलाय, भरून द्या." दुकानदार नाही म्हणत नाही. अर्ध्या-पाऊण तासात काम होतं, हवा गार लागते, पैसे चुकते होतात. मेमध्ये तीच गाडी पुन्हा त्याच दारात उभी असते.

गाडीच्या एसीतला गॅस वापरून संपत नाही. पेट्रोल जळतं, इंजिन ऑइल काळं पडतं, पण हा गॅस बंद नळ्यांमधून गोल फिरत राहतो. रबरी होज पाइपांतून आणि सांध्यांतून तो वर्षाला किंचित झिरपतो, त्यामुळे सात-आठ वर्षांनी थोडा कमी भरला तर नवल नाही. पण दर उन्हाळ्यात गॅस लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जाणार. दुसरा प्रकार याहून वाईट. अनेक गाड्यांत गॅस पुरेसा असतो आणि दोष भलतीकडेच असतो. अशा गाडीत वर आणखी गॅस ढकलला की दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. म्हणून जुन्या गाडीचा एसी तपासायचा क्रम मी असा मानतो: आधी हवा, मग वीज, शेवटी गॅस. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी घरच्या घरी तपासता येतात. तिसरीला यंत्रं लागतात आणि जाणता माणूस लागतो.

हा क्रम का, ते कळायला एसी नेमकं काय करतो हे थोडक्यात पाहावं लागेल. माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं आणि पाणी गार पडतं. एसीत तेच घडतं, फक्त पाण्याऐवजी रेफ्रिजरंट असतं आणि त्याची वाफ वाया न घालवता पुन्हा द्रव करून वापरली जाते. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत आर-१३४ए हा गॅस आहे. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या आत असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचा दाब अठ्ठावीस-तीस पीएसआयच्या आसपास ठेवला की तो शून्य अंशाजवळ उकळतो आणि कॉइलवरून जाणाऱ्या हवेतली उष्णता शोषून घेतो. मग इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ती वाफ ओढून घेतो आणि दाबून दोनशे-अडीचशे पीएसआयपर्यंत नेतो. दाबलेला गॅस चांगलाच तापतो. तो रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो, ड्रायरमधून गाळून येतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून एकदम दाब गमावतो आणि पुन्हा कॉइलमध्ये उकळायला जातो.

म्हणजे एसी उष्णता केबिनमधून उचलून बोनेटच्या तोंडाशी टाकतो. त्यासाठी हवेला दोन ठिकाणी मोकळी वाट हवी: आत कूलिंग कॉइलवरून आणि पुढे कंडेन्सरमधून. यातली एक जरी वाट कोंडली तर गॅस ग्रॅमभरही कमी नसताना एसी बसतो. जुन्या गाड्यांच्या तक्रारींमध्ये हे कोंडणं फार वेळा सापडतं, आणि ते शोधायला एक रुपया लागत नाही.

हवामानाचा भागही लक्षात ठेवायला हवा. नागपूरची ४४ अंशांची कोरडी हवा आणि मुंबईची ३४ अंशांची दमट हवा यांत एसीला होणारे कष्ट वेगळे आहेत. दमट हवा गार करताना तिच्यातली वाफ कॉइलवर पाणी होऊन ठिबकते, आणि एक लिटर पाणी असं बाहेर काढायला सुमारे पाऊण युनिट वीज जेवढी उष्णता देते तेवढी उष्णता उचलावी लागते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत झरोक्यातून येणारी हवा कोरड्या हवेच्या गावाइतकी थंड नसेल, तर तो बिघाडच असेल असं नाही. गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसणं हे तर एसी चालू असल्याचं लक्षण आहे. पाणी गाडीखाली न पडता डाव्या सीटच्या पायाशी मॅट भिजवत असेल तर मात्र कॉइलची निचऱ्याची नळी तुंबली आहे. ती खालून साफ केली की काम झालं.

आता आतल्या हवेपासून सुरुवात करू. ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवूनही झरोक्यातून हवा मंद येते का? गार आहे पण जोर नाही, अशी तक्रार असेल तर गॅसचा विषयच नाही. केबिन फिल्टर काढून बघा. मारुती ८०० सारख्या गाड्यांत तो नव्हताच. काही जुन्या गाड्यांत त्याची जागा केलेली असते पण फिल्टर बसवलेला नसतो. अशा गाडीत रस्त्यावरची सगळी धूळ थेट कॉइलवर जाते, आणि कॉइल कायम ओलं असल्याने धूळ तिथेच बसते. कधी एखाद्या जुन्या गाडीचं कॉइल बाहेर काढताना उभं राहून बघावं. पुढच्या बाजूला करड्या रंगाचा जाड, ओलसर थर असतो. त्यात केस, कागदाचे कपटे आणि काचेखालच्या जाळीतून शिरलेली गुलमोहराची बारीक पानं दबून बसलेली असतात, आणि नखाने थर उचलला की खाली ॲल्युमिनियमच्या पत्र्या कोऱ्या चमकतात. एवढ्या जाड थरातून हवा जाणार कशी? एसी चालू केल्यावर पहिल्या मिनिटात येणारा कुबट वासही याच थराचा. पत्र्या शाबूत असतील तर कॉइल धुऊन पुन्हा बसवता येतं. डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय ते निघत नसेल तर एवीतेवी उतरवल्यावर ओ-रिंग आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांचंही काम उरकून घ्यावं, कारण मजुरीच खरी महाग असते.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो आणि खालचे वेग मेले आहेत, असं असेल तर ब्लोअरचा रेझिस्टर जळालेला आहे. स्वस्त भाग आहे, बदलून टाका. आतली हवा फिरवण्याचा खटका चालतो का, हेही बघा. आतला पडदा बाहेरच्या हवेवर अडकला असेल तर एसीला दर क्षणी रस्त्यावरची तापलेली हवा गार करावी लागते, आणि छोट्या गाडीच्या एसीची तेवढी ताकद नसते.

हीटरकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. आपल्याकडे हीटर कुणी वापरत नाही, म्हणून तो गाडीत आहे याचाच विसर पडतो. पण गार-गरमच्या खटक्याची केबल जुन्या गाडीत ताणली जाते किंवा क्लिपमधून सुटते. मग खटका निळ्या टोकाला असूनही आतला पडदा अर्धवट उघडा राहतो आणि गार केलेल्या हवेत गरम हवा मिसळत राहते. हीटरच्या पाण्याला कॉक असलेल्या गाड्यांत तपास सोपा आहे. इंजिन तापल्यावर खटका गारवर ठेवून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या हीटरच्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावा. दोन्ही सारख्याच चटका देत असतील तर कॉक पूर्ण बंद होत नाहीये. एसी आपलं काम चोख करतोय आणि शेजारी हीटर ते पुसून टाकतोय. अशा गाडीत कितीही गॅस भरा, काही फरक पडणार नाही.

बाहेरच्या हवेची गोष्ट यापेक्षा महत्त्वाची, कारण जुन्या गाड्यांची सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार तिच्यातून निघते: "हायवेला मस्त गार होतं, सिग्नलला उभं राहिलं की गरम." ही तक्रार कानावर पडली की आधी बोनेट उघडायचं. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा कंडेन्सर गार करतो. गाडी थांबली की ते काम एकट्या पंख्यावर येतं. तो पंखा बंद असेल, हळू फिरत असेल किंवा त्याच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले असतील तर कंडेन्सरची उष्णता जागच्या जागी साचते, दाब चढतो आणि गारवा पडतो. दाब फारच चढला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंदच करतो. गाडी सावलीत न्यूट्रलला उभी करा, हँडब्रेक लावा, एसी चालू करा आणि पंख्याकडे बघा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर लागला की लगेच किंवा थोड्याच वेळात पंखा सुरू व्हायला हवा. हात मात्र दूर ठेवा, तो न सांगता सुरू होतो. फिरतोय पण जोर आहे का हे बघायला वर्तमानपत्राचा कागद जाळीसमोर धरा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे.

याच्याही पुढची एक चाचणी जुने मेकॅनिक करतात आणि ती फार बोलकी आहे. गाडी जागेवर चालू, एसी चालू, आतून हवा कोमट येतेय, अशा वेळी पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर बाटलीभर पाणी शिंपडायचं. मिनिटभरात आतली हवा एकदम गार झाली, तर आतलं चक्र ठीक आहे, उष्णता बाहेर पडत नाहीये. मग पंखा, कंडेन्सरवर बसलेला चिखल, किडे आणि धूळ, कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत साचलेला कचरा, हे सगळं बघायचं. कंडेन्सर साध्या पाण्याने हळुवार धुवावा. वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवारा जवळून मारला की पत्र्या आडव्या पडतात आणि वाट कायमची बंद होते. समुद्रकाठच्या गाड्यांत, रत्नागिरीपासून पणजीपर्यंत, खारी हवा या पत्र्या खाते. हात लावताच पांढरी भुकटी गळते. असा कंडेन्सर धुऊन सुधारत नाही, बदलावाच लागतो. आणखी एक गोष्ट: बंपरची ठोकाठोकी झालेल्या गाडीत रेडिएटरच्या कडेचे प्लॅस्टिकचे आडोसे पुन्हा लावलेच जात नाहीत. मग गाडी थांबली की इंजिनाकडची तापलेली हवा वळसा घालून पुन्हा कंडेन्सरमध्ये शिरते. तो प्लॅस्टिकचा तुकडा फालतू दिसतो, पण सिग्नलला गारवा टिकतो तो त्याच्यामुळे.

हवा ठीक असेल तर वीज. एसीचं बटण दाबल्यावर बोनेटखालून स्पष्ट "टक्" आवाज येतो आणि इंजिनाचा सूर क्षणभर खाली जातो. तो कॉम्प्रेसरच्या क्लचचा आवाज. पुली सतत फिरत असते. बटण दाबलं की चुंबकाची कॉइल पुढची लोखंडी चकती ओढून पुलीला चिकटवते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. आवाजच येत नसेल तर फ्यूज बघा, मग रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा आणि एसीचा रिले एकाच प्रकारचा असतो. दोघांची अदलाबदल करून पाहिली की रिलेचा दोष तिथल्या तिथे कळतो. त्यानंतर प्रेशर स्विच आणि क्लचची कॉइल. अशा कॉइलचा रोध साधारण तीन-चार ओहम असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली आहे.

क्लचचा एक दोष असा आहे की त्यापायी चांगले कॉम्प्रेसर भंगारात जातात. सकाळी एसी उत्तम चालतो, अर्धा तास वाहतुकीत काढल्यावर बंद पडतो, तासाभराने पुन्हा आपोआप सुरू होतो. निदान काय दिलं जातं? "कॉम्प्रेसर गेला." त्याआधी चकती आणि पुली यांच्यातली फट बघायला सांगा. ती साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी. वर्षानुवर्षं घासून चकती झिजते आणि फट एक मिलिमीटरकडे सरकते. कॉइल थंड असताना चुंबकाची ओढ तेवढं अंतर पार करते. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, ओढ कमी पडते आणि चकती जागेवरच राहते. बऱ्याच कॉम्प्रेसरांत चकतीच्या मागे पातळ वॉशर असतात. त्यातला एक काढला की फट पुन्हा जुळते. शे-दोनशे रुपयांची मजुरी, आणि समोर पर्याय कित्येक हजारांच्या कॉम्प्रेसरचा. जुन्या गाडीत अर्थिंगची वायर गंजून क्लचपर्यंत पुरेसे व्होल्ट पोहोचत नाहीत, तेव्हाही हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. म्हणून फट मोजण्याबरोबर चालू एसीत क्लचच्या जोडणीवर मीटर लावून व्होल्टेज बघावं.

क्लच लागत नाही म्हणून प्रेशर स्विचच्या दोन वायरी थेट जोडून देणारे लोक आहेत. तसं करू देऊ नका. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसताना कॉम्प्रेसर फिरू नये म्हणून तो स्विच आहे. तो टाळला की कॉम्प्रेसर कोरडा चालून आतून घासतो, ॲल्युमिनियमचा भुगा सगळ्या नळ्यांत पसरतो, आणि मग कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बदलण्याची वेळ येते.

लांबच्या प्रवासात दोन तासांनी हवेचा जोर हळूहळू मरत जातो, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की जोर परत येतो आणि गाडीखाली भरपूर पाणी पडतं, हे लक्षण कॉइलवर बर्फ धरल्याचं. कॉइल शून्याखाली जाऊ लागलं की कॉम्प्रेसर थांबवायचं काम थर्मोस्टॅट किंवा त्याच्या सेन्सरचं. तो बिघडला असेल, किंवा मागच्या दुरुस्तीत त्याची काडी कॉइलमध्ये नीट खोचली नसेल. गॅस थोडा कमी असतानाही बर्फ धरू शकतो, म्हणून इथून पुढे गेज लावल्याशिवाय बोलणं योग्य नाही.

गेजबद्दल एक गैरसमज दुकानांतही आढळतो. गाडी बंद असताना गेज लावून "दाब आहे, म्हणजे गॅस पूर्ण आहे" असं सांगितलं जातं. हे चूक आहे. बंद गाडीत द्रव आणि वाफ एकत्र असतात, आणि दाब ठरतो तो फक्त तापमानावरून. ३० अंशांना आर-१३४ए जवळपास ९७ पीएसआय दाखवणार. आत दोनशे ग्रॅम असो वा चारशे, द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत काटा तिथेच. गॅस किती आहे हे कळण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे तो सगळा बाहेर काढून, वजन करून, बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच परत भरणं. छोट्या गाडीत सगळा मिळून अर्धा किलोच्या आतबाहेर गॅस असतो. त्यात शंभर ग्रॅमची चूक म्हणजे मोठी चूक.

चालू गाडीत मात्र दोन्ही काटे बरंच सांगतात. बाहेर ३५ अंश असताना खालच्या दाबाचा काटा पंचवीस ते चाळीसच्या दरम्यान आणि वरचा दोनशे ते अडीचशेच्या आसपास असला तर चक्र तंदुरुस्त. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त झालाय, आत साधी हवा शिरलीय किंवा कंडेन्सर गार होत नाहीये, आणि यातलं शेवटचं कारण ओळखायला वरची पाण्याची चाचणी कामी येते. खालचा जास्त आणि वरचा कमी, म्हणजे काटे एकमेकांच्या जवळ आलेले, तर कॉम्प्रेसर आतून थकला. खालचा काटा शून्याखाली व्हॅक्यूमकडे सरकतोय, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबलाय किंवा ओलीमुळे त्याच्या छिद्रात बर्फ झालाय.

गॅस खरोखर कमी निघाला की गळती शोधायची, आणि तिची खूण डोळ्यांना दिसते. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. ज्या सांध्यातून ते पाझरतं तिथे धूळ चिकटून काळपट, चिकट कडं तयार होतं. बाकीचा पाइप कोरडा धुळकट आणि एवढाच भाग ओलसर दिसला की बोट तिथे ठेवायचं. सर्वात आधी गॅस भरायच्या तोंडातला व्हॉल्व्ह बघा. टायरला असतो त्याच जातीचा असतो, आणि वरची टोपी हरवली की त्यात माती जाऊन तो गळू लागतो. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. त्यानंतर सांध्यांतल्या ओ-रिंग, ज्या उष्णतेने वाळून कडक होतात. मग कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील. ते गळत असेल तर पुलीच्या समोर बोनेटच्या आतल्या बाजूला तेलाचा फवारा उडालेला असतो. बाहेर कुठेच काही नसेल तर संशय कूलिंग कॉइलवर. चांगलं दुकान आत कोरडा नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघतं. काही जण त्याऐवजी टायरमध्ये भरायची हवा मारतात. तिच्यात ओल आणि ऑक्सिजन दोन्ही असतात, आणि आत दोन्ही नको आहेत.

गळती बुजल्यावर व्हॅक्यूम. ही पायरी गाळली जाते किंवा पाच मिनिटांत उरकली जाते, आणि दुरुस्ती टिकत नाही ती त्यामुळेच. नळी उघडली की हवेबरोबर ओल आत जाते. कॉम्प्रेसरचं तेल ओल शोषून घेणारं असतं. ओल, गॅस आणि तेल यांच्यातून आम्ल तयार होऊन धातू आतून खायला लागतं. दाब खूप उतरवला की पाणी साध्या तापमानालाही उकळतं: पाऱ्याच्या ३२ मिलिमीटर दाबाला ते ३० अंशांवर वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो. पण ओल सगळी निघायला वेळ लागतो. अर्धा-पाऊण तास पंप चालला पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर काटा तितकाच वेळ जागचा हलता कामा नये. ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे एकदा भरले की संपले, म्हणून चक्र उघडं पडलं असेल तर ड्रायर नवाच घालावा.

१९९०च्या दशकातली किंवा त्याआधीची मारुती, काँटेसा, पद्मिनी जपून ठेवलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. त्या गाड्यांत मूळ गॅस आर-१२ असण्याची शक्यता मोठी. हा गॅस ओझोनचा थर विरळ करतो, ही शक्यता १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी मांडली. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारतात २००० साली त्यासाठीचे नियम आले, २००३ पासून नव्या गाड्यांच्या एसीत हा गॅस भरणं बंद झालं आणि २००८ मध्ये देशातलं त्याचं उत्पादनही थांबलं. अशी गाडी आर-१३४एवर आणता येते, पण नुसता गॅस बदलून नाही. जुनं खनिज तेल नव्या गॅसबरोबर वाहत नाही, म्हणून तेल बदलावं लागतं. ओ-रिंग आणि ड्रायर बदलावे लागतात, जमल्यास होजही. नवा गॅस जुन्या वजनाच्या साधारण ८० ते ८५ टक्केच भरायचा. कंडेन्सर मूळचा छोटा असल्याने गारवा थोडा कमी मिळतो, हे मालकाने आधीच मान्य करावं.

स्वस्तातल्या गॅसपासून सावध राहा, मग गाडी कोणतीही असो. आर-१३४एच्या नावाखाली भेसळीचा माल विकला जातो, आणि काही ठिकाणी सरळ एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस भरला जातो. कूलिंग कॉइल गळलं तर तो बंद केबिनमध्ये साचेल. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीतकंटेनरांमध्ये अशाच बनावट गॅसात मिथाइल क्लोराइड निघालं. ॲल्युमिनियमशी त्याची क्रिया होऊन कॉम्प्रेसरांचे स्फोट झाले आणि त्यांत कामगार दगावले. सीलबंद, नामांकित कंपनीचा डबा डोळ्यांसमोर उघडला जात असेल तरच गाडीला जोडू द्या. आणि हे काम स्वतः करायला जाऊ नका. उडालेला द्रव गॅस कातडी आणि डोळे क्षणात गोठवतो.

सगळं दुरुस्त झाल्यावर हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा. तेल फिरतं आणि शाफ्टचं सील ओलं राहतं. महिनोन्महिने बंद ठेवलेल्या गाडीत ते सुकून पहिल्याच उन्हाळ्यात गळतं. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी काचा उघडून कोंडलेली हवा जाऊ द्या, मग एसी लावा आणि थोड्या वेळाने आतली हवा फिरवण्याचा खटका टाका.

शेवटची विनंती दुकानात गेल्यावर पाळण्याची आहे. नळी उघडण्याआधी आतला जुना गॅस "फुस्स" करून हवेत सोडला जातो. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत त्याचा एक किलो सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. एका छोट्या गाडीतले ४५० ग्रॅम सोडून देणं म्हणजे जवळपास २८० लिटर पेट्रोल जाळल्याइतकं. जगाने २०१६ मध्ये किगाली इथे हे गॅस कमी करत न्यायचं ठरवलं, भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि २०२८ पासून आपला वापर एका पातळीवर गोठवायचा आहे. म्हणजे हा गॅस पुढे महागच होत जाणार. गॅस ओढून घेऊन, गाळून, मोजून परत भरणारं रिकव्हरी मशीन आता मोठ्या शहरांतच काय, तालुक्याच्या ठिकाणीही काही दुकानांत दिसतं. ते ज्याच्याकडे आहे त्याच दुकानात गाडी न्या, गळती कुठे होती ते प्रत्यक्ष दाखवायला सांगा, आणि किती ग्रॅम काढला व किती ग्रॅम भरला हे बिलावर लिहून मागा.